बोट सुटण्याआधी

फोन लेस्टरहून होता, मामेबहिणीचा. गेली पंचवीस वर्षं तिच्या फोनला दोनच विषय असतात: गावातलं कोण गेलं, आणि चिकूला यंदा भाव काय. या वेळी तिसराच निघाला.

"दादा, आम्ही बोटीने येतोय. दुबईला चढणार, सिंगापूरला उतरणार. मुंबईत एक दिवस आहे. सकाळी सातला लागते, संध्याकाळी सातला सुटते. मला बहरोटला नेशील?"

बहरोट म्हणजे बोर्डीच्या मागे, अस्वालीच्या डोंगरावरची लेणी. शाळेची सहल एकदा तिथे निघाली होती. निम्म्या चढावर कुणाला तरी चक्कर आली आणि मास्तरांनी सगळ्यांना खाली उतरवलं. ते निम्मं तिच्या मनात अजून राहिलं होतं. बोटीवाल्यांच्या पत्रकात मुंबईसाठी घारापुरीची सहल होती. तिची किंमत ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तेवढ्यात आपण सगळं घर नेऊन आणू," ती म्हणाली. "आपलं आपण जाऊ. तू फक्त वेळ बघ."

मी राहतो आगरला. डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राला लागून. आगर मिठाचं असतं तसंच नारळी-पोफळीचंही असतं. आमच्याकडे आता चिकू. इथून बहरोट म्हणजे शेजार. पण मुंबईच्या धक्क्यावरून बहरोट किती लांब, हे मी कधी मोजलं नव्हतं. मुंबईला जाणारा माणूस डहाणूहून निघतो. उलटा हिशेब कोण करतो?

म्हणून आधी रंगीत तालीम करायचं ठरवलं.

बोट सातला लागली तरी माणसं सातला बाहेर येत नाहीत. पासपोर्टची रांग, शिक्के, सामानाची तपासणी. बहिणीकडे ओसीआय कार्ड, तिच्या नवऱ्याकडे ई-व्हिसा. मुंबई बंदरात ई-व्हिसावर उतरता येतं, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण रांग ती रांग. साडेआठला गेटाबाहेर, असं धरलं. संध्याकाळी सातला सुटणारी बोट साधारण तासभर आधी सगळ्यांना आत घेते. बोटीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. आपली लोकल उशिरा आली तर थांबत नाही. तेव्हा पाचला गेटावर परत. हातात राहिले साडेआठ तास.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बॅलार्ड इस्टेटला ग्रीन गेटच्या बाहेर उभा राहिलो आणि साडेआठला घड्याळ लावलं. काळी-पिवळी टॅक्सी मिळाली. मुंबई शहरात रिक्षा चालत नाही, हे परदेशातून येणाऱ्याला आधी सांगावं लागतं. वांद्र्याच्या अलीकडे फक्त टॅक्सी. चर्चगेट दोनेक किलोमीटर. विरार फास्ट लागलेली होती आणि खिडकीची जागा मोकळी होती. लोकलचं नाव काढलं की बोटीवरची माणसं घाबरतात, कारण त्यांनी लटकणाऱ्या गर्दीची चित्रं पाहिलेली असतात. ती चित्रं खरीच आहेत, पण ती उलट्या दिशेची. सकाळी सगळं जग चर्चगेटकडे येत असतं, संध्याकाळी विरारकडे जात असतं. बोटीचा पाहुणा सकाळी विरारकडे जातो आणि दुपारी परततो. या एका बाबतीत त्याचं वेळापत्रक मुंबईकरापेक्षा सुखाचं.

विरारपर्यंत सगळं झकास. विरारच्या पुढे गाड्यांचा दुष्काळ. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते हे खरं, पण विरारच्या अलीकडे हिशेब मिनिटांचा असतो आणि पलीकडे तासाचा. वैतरणेचे पूल, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरला एक कमी असं डहाणू रोड आलं तेव्हा सव्वाबारा झाले होते. स्टेशनाबाहेर रिक्षा ठरवली. आमच्याच आगरावरून, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी करत अस्वाली. सव्वा वाजला. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

"आता चढणार? उतरताना बॅटरी लागेल."

"वर काय आहे?" मी मुद्दाम विचारलं.

"दगडात कोरलेलं. पारशी येतात, डोकं टेकतात, जातात. त्यांना विचारा."

चढायला दोन तास, उतरायला दीड. सव्वा वाजल्यानंतर ते धरा आणि पाचला बॅलार्ड पिअर धरा. मी परत फिरलो. रात्री लेस्टरला फोन केला. "जमत नाही," म्हणालो. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग दुसरं काय जमतं?"

हा लेख त्या प्रश्नातून निघाला. महिनाभर मी तेच करत होतो. घड्याळ, नकाशा, आणि कपाटातली धूळ खाल्लेली इतिहासाची पुस्तकं. तेव्हा लक्षात आलं की बंदरावर उतरून आपल्या पायांनी जुनं ठिकाण पाहायला जाणं हा उद्योग आमच्या किनाऱ्यावर फार जुना आहे. आणि त्याची सोय लावणारेही होते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. दानं देण्याची त्याला हौस होती आणि ती सगळी त्याने दगडावर मांडून ठेवली. त्या यादीत सहा नद्या आहेत: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका. या सहा नद्यांवर त्याने नावा ठेवल्या आणि त्यांना पुण्यतर म्हटलं, म्हणजे उतारूकडून पैसे न घेणारी तर. कोकणात खाडी ओलांडून नेणारी होडी आजही 'तर' म्हणूनच ओळखली जाते. आणि दाहानुका म्हणजे आमची डहाणूची नदी. आमच्या गावाच्या नावाचा हा जुना लेखी पुरावा, आणि तो आहे फुकटच्या होडीच्या निमित्ताने! एवढ्यावर तो थांबला नाही. नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने बसायला सभा आणि प्यायला पाणी ठेवलं. सोपाऱ्याला राहायची जागा बांधली. नानंगोल गावातली नारळाची ३२ हजार झाडं दान दिली. नानंगोल म्हणजे उंबरगाव किनाऱ्यावरचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. झाडांचा आकडा दानपत्रात शोभेल असा गोल आहे. पण नारगोळात नारळ आहेत, यात वाद नाही.

होडी, सावली, पाणी. प्रवाशाला बंदरापासून पुढे न्यायला लागणाऱ्या तीन गोष्टी, आणि तिन्हींची सोय एकाच माणसाने केली.

आठेकशे वर्षांनी याच तुकड्यात तेच पुन्हा घडतं. चिंचणी आमच्याच डहाणू तालुक्यात, तारापूरच्या शेजारी. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संजाण मंडळाचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या माणसाकडे होता. तो ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत केलेलं रूप. राष्ट्रकूटांच्या राज्यात एक अरब मुसलमान संजाणचा कारभारी, आणि त्याच्या परवानगीने देवीच्या मठिकेला जमीन दिल्याचं हे संस्कृत दानपत्र. दहाव्या शतकातलं बंदर कसं होतं ते समजायला मला दुसरा कागद नको. या मधुमतीची तारीफ करताना दानपत्र सांगतं की त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर ठेवली आणि अन्नसत्र घातलं. भात, कालवण आणि तूप. तूपसुद्धा! त्याच गठ्ठ्यातला दुसरा ताम्रपट १०३४ चा, शिलाहारांचा मांडलिक असलेल्या चामुंडराजाचा. त्यात मठात दिवा लावायला तेलाचा घाणा दिला आहे.

हे संजाण आज गुजरातेत. उंबरगाव तालुका १९६० पर्यंत आमच्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होता. मग राज्यं वेगळी झाली, तो तिकडे गेला. आता डहाणू रोडच्या पुढे घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड आणि संजाण. अंतर थोडं, पण लोकल डहाणूला संपते. पुढे मेमू आणि मोजक्या गाड्या. मी एका सकाळी गेलो. स्टेशनाजवळ १९२० सालचा संजाण स्तंभ आहे, पारशांच्या आगमनाची आठवण म्हणून उभा केलेला. परगावचा माणूस फोटो काढतो आणि समजतो की संजाण पाहून झालं. पण जुनं संजाण तिथे नाही. ते वरोळी नदीच्या काठावर, बंदराच्या टेकाडात आहे. २००२ ते २००४ या वर्षांत तिथे उत्खनन झालं. पश्चिम आशियातली निळसर चकाकीची भांडी, चिनी मातीचे तुकडे, काच, कड्यांच्या विहिरी आणि विटांचा गोल दखमा, म्हणजे पारशांची मृतदेह ठेवायची जागा, निघाला. अरबांच्या लिखाणातलं सिंदान ते हेच. आज काठावर उभं राहिलं तर चिखल, खारफुटी आणि एखादी होडी दिसते. माहीत नसलेला माणूस पायाखाली खापर आलं तर लाथ मारून पुढे जाईल.

संजाण पडलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, डोंगरात नेला. सन १६०० च्या सुमारास बहमन कैकोबादने लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'प्रमाणे तो बहरोटच्या डोंगरात बारा वर्षं होता. मग वांसदा, मग नवसारी, आणि १७४२ पासून उदवाडा, आजवर. बहरोट हे नाव ऐकून कुणी वेरूळ डोळ्यांपुढे आणत असेल तर त्याची निराशा होईल. लहानशी लेणी आहेत, झिजलेली. चढावर करवी आणि घसरडी माती. वरून हवा स्वच्छ असली तर समुद्र दिसतो. मला वाटतं, पाहायचा असतो तो समुद्रच. अग्नी सांभाळत बसलेली माणसं बारा वर्षं त्याच बाजूला डोळे लावून बसली असतील.

पण हे सगळं साडेआठ तासांत बसत नव्हतं. संजाणचं गणितही बहरोटइतकंच वाकडं.

एके काळी बसलं असतं. बोटीच्या धक्क्यावरच रेल्वे लागत होती. बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं, विसाच्या दशकापासून १९४४ पर्यंत. विलायतेहून टपालाची बोट आली की साहेब लोक शिडी उतरून थेट डब्यात. १९२८ साली फ्रंटियर मेल सुरू झाली. सप्टेंबर ते डिसेंबर या बोटींच्या मोसमात ती तिथूनच सुटायची, पेशावरकडे. ती बडोद्याच्या रस्त्याने जाई, म्हणजे पालघर, डहाणू, संजाण ही आमची सगळी गावं तिच्या खिडकीतून जात. साहेबांपैकी कुणी पडदा सरकवून बहरोटच्या डोंगराकडे पाहिलं असेल का? बहुतेक झोपलेले असत.

त्या बोटी आणणाऱ्या कंपन्यांत पी अँड ओ ठळक. गंमत अशी की नव्वदीत हेच नाव आमच्या दाराशी आलं. डहाणूच्या दक्षिणेला वाढवणला बंदर बांधायचा त्यांचा बेत होता. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला होता आणि त्यावर लक्ष ठेवायला प्राधिकरण होतं, न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ साली प्राधिकरणाने बंदर नाकारलं. पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. २०२३ मध्ये होकार, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची ७६,२२० कोटींची मंजुरी, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात भूमिपूजन. नऊ कंटेनर टर्मिनल, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. मच्छीमारांचा विरोध होता, आहे. माझं मत विचाराल तर मी मासे खाणारा माणूस आहे, तेवढ्यावरून ओळखा. या लेखापुरतं एवढंच की ते कंटेनरचं बंदर. तिथे कंटेनर उतरतील. बहरोटला जायचंय असं कंटेनर विचारत नाही.

आता बोटीच्या दिवसात काय बसतं ते.

पहिला मान घारापुरीचा. गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास. बॅलार्ड पिअरवरून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. जेटीवर छोटी रेल्वे, मग पायऱ्या, वर महेशमूर्ती. १९८७ पासून जागतिक वारसा. लेण्यांत सगळे जातात, पण बेटाची तीन गावं राजबंदर, शेतबंदर आणि मोरबंदर. म्हणजे हेही बंदरच. या गावांत वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. तेव्हापासून जीवरक्षक जाकीट घालायला लावतात. घालावं. कंटाळा करू नये. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद. बाकी मोसमात सकाळी नऊला निघालेला माणूस दोनपर्यंत परत येतो. बोटीच्या दिवसासाठी याहून सोपं ठिकाण मुंबईत नाही, आणि बोटवाले ते विकतात ते याच कारणाने.

दुसरं कान्हेरी. चर्चगेटहून बोरिवली, स्टेशनापासून राष्ट्रीय उद्यानाचं गेट चालत, आत लेण्यांपर्यंत बस. शंभरावर लेणी. सोपारा, कल्याण, चेऊल अशा बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दिलेली दानं भिंतींवर कोरलेली. पण मला आवडतो तो नव्वदाव्या लेण्यातला मजकूर. तो पहलवीत आहे. इसवी सन १००९ आणि १०२१ या दोन वर्षांत जरथुष्ट्री मंडळी तिथे आली आणि आपल्या आल्याची तारीख आणि नावं कोरून गेली. लेणी तेव्हाही हजारेक वर्षांची जुनी होती. आपला धर्म नाही, आपला देव नाही. नुसतं पाहायला आलेले. भिंतीवर नाव कोरणाऱ्या पर्यटकांवर आपण चिडतो. पण यांनी खरवडलेल्या अक्षरांना आता पुरातत्त्व खातं जपतं. मी बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्याआधी हजार वर्षं येऊन गेले म्हणायचे."

मग तिने बोटीची तारीख सांगितली. मी दिनदर्शिका उघडली. सोमवार!

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद, म्हणजे कान्हेरीही गेलं. महिनाभराचा अभ्यास एका वाराने पुसून टाकला. बोटी वार पाहून येत नाहीत. वर्षभर आधी त्यांचे दिवस ठरतात, भरती आणि धक्क्यावरची जागा पाहून. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा डॉकला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. मोठं आहे, सजवलेलं आहे. तिथे उतरणाऱ्या माणसाला शहरातली दोन पहिली जुनी ठिकाणं आठवड्यातून एक दिवस बंद मिळतात, आणि तो एकच दिवस दोघांचाही. निदान एकाने मंगळवार घ्यावा. या गोष्टीला एकही कोटी लागणार नाहीत.

उरलं सोपारा.

सोमवारी आठ वाजून चाळीस मिनिटांनी दोघं गेटाबाहेर आली. बहिणीच्या अंगावर पातळ सुती सदरा, तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर टोपी, दोघांच्या पाठीला पिशव्या. ठरल्याप्रमाणे दोघांच्या खिशात बोटीचा फोन नंबर आणि बोटीच्या एजंटाचा नंबर लिहिलेला कागद होता. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. दुसरं, घड्याळ. बोटीवर बोटीची वेळ चालते आणि ती कधी कधी गावच्या वेळेशी जुळत नाही. दोघांच्या हातातली घड्याळं मी माझ्याशी जुळवून घेतली. तिचा नवरा हसला. पुढे दुपारी तो चार वेळा घड्याळ पाहत होता.

चर्चगेटहून नालासोपारा सव्वा तास. तिकिटं काढायला रांग होती, पण डब्यात जागाच जागा. समोरच्या रुळांवरून येणाऱ्या गाड्यांना माणसांचे घोस लटकलेले. तिचा नवरा पाहत राहिला. तो म्हणाला, यांच्यासाठी आधी काहीतरी करा, आमचं राहू द्या. त्याला उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरलो. आता रिक्षा. पहिल्या रिक्षावाल्याला 'स्तूप' कळलं नाही. दुसऱ्याला 'बौद्ध स्तूप' म्हटल्यावर कळलं. तिसरा वयाने मोठा होता, तो म्हणाला, "बुरुड राजाचा कोट ना? बसा." गावाने हे टेकाड याच नावाने जपलं होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे खोदलं, तेव्हा आत दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याची, चांदीची, सोन्याची अशी एकात एक ठेवलेली पात्रं, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. आज तिथे विटांचा ढिगारा आहे, नीट राखलेला, भोवती झाडं. आम्ही गेलो तेव्हा एका बाकावर कॉलेजातली पोरं पुस्तक उघडून बसली होती, दुसऱ्यावर एक आजोबा झोपले होते. बहीण स्तूपाभोवती एक फेरी घालून आली. "समुद्र कुठे आहे?" तिने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. सोपारा शूर्पारक होतं, पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात त्याचं नाव सुप्पारा असं येतं. उषवदाताने राहायची जागा बांधली ती इथे. खाडी गाळाने भरली आणि बंदर जमिनीत राहिलं. मी तिला सांगितलं, तू बंदरावरून अवशेष पाहायला आलीस, पण हा अवशेषही बंदराचाच. संजाणही, घारापुरीही. आमच्या किनाऱ्यावर पडलेलं काय आहे ते खणलं की धक्का निघतो.

चक्रेश्वर तळ्याकाठी ब्रह्मदेवाची जुनी मूर्ती आहे, तीही पाहिली. वसईचा किल्ला रिक्षाने जवळच होता, पण मी मोह आवरला. चिमाजीअप्पांनी १७३९ ला घेतलेला किल्ला तासाभरात उरकायचा म्हणजे त्यांचा अपमान. साडेबाराची गाडी पकडून चर्चगेटला आलो.

अर्धा दिवस उरला होता, तेव्हा खरा डाव मी आता टाकला. सोपाऱ्याचं निम्मं सामान मुंबईतच आहे, बोटीपासून चालण्याच्या अंतरावर. स्तूपातला करंडक एशियाटिक सोसायटीकडे, टाउन हॉलमध्ये. ते पाहायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं. मी विचारलं नव्हतं, ती चूक माझी. आम्ही पायऱ्यांवर बसून घरून आणलेले चिकू खाल्ले. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सोमवारीही उघडं होतं. तिथे सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या राजाज्ञा आहेत. १८८२ साली मिळालेला तुकडा आठव्या आज्ञेचा. तिचा विषय काय असावा? प्रवास! पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींवर निघत, शिकार करत. मी मात्र बोधीला गेलो, तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, वाटेत म्हाताऱ्यांना भेटायचं, गावकऱ्यांशी बोलायचं. हे बंदरात लावलं होतं, जिथे परदेशी उतरतात तिथे. बहीण काचेजवळ उभी राहून दगडावरची ब्राह्मी अक्षरं बघत राहिली, एकही वाचता येत नव्हतं तरी. म्हणाली, "रिक्षावाल्याशी बोललो, तेवढं तरी अशोकाला मंजूर होईल."

सव्वाचारला ती दोघं गेटाच्या आत गेली. मी चर्चगेटला येऊन डहाणूची गाडी धरली. आता मी गर्दीच्या दिशेने चाललो होतो. विरारपर्यंत उभा, पुढे बसायला मिळालं.

अलीकडे आमच्या भागात 'तर' पुन्हा सुरू होते आहे, तेही सांगतो. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४ पासून चालते. विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेपलीकडे जलसारला रो-रो एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा होता, पाण्यातून दीड. उषवदाताची फुकट होती, ही पैसे घेते. पण होडी आहे. दोन्ही तीरांवर सावली आणि पाण्याची त्याची अटही कुणी तरी पुरी करावी.

बोटीने मुंबईला उतरणाऱ्यांना, किंवा ज्यांच्याकडे असे पाहुणे येणार आहेत त्यांना, माझं सांगणं थोडक्यात. तारीख कळली की आधी वार बघा. घारापुरीला जायचं तर सकाळची लाँच धरा, दुपारची धरू नका. सोपाऱ्याला रिक्षावाल्याकडे बुरुड राजाचा कोट मागा. एशियाटिकला आठ दिवस आधी पत्र टाका. कुठूनही परतायचं ते बोट सुटण्याआधी दोन तास. आणि बहरोट बघायचं असेल तर बोटीच्या भरवशावर येऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, रात्र डहाणूत काढा, पहाटे सहाला अस्वालीच्या पायथ्याशी असा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. माझी बहीण येत्या जानेवारीत विमानाने येते आहे.